बाहुल्यांनी नेलेला पोंचो

माझ्या सासूनं अठरा वर्षं आपल्या मुलाला मरू दिलं नाही, आणि ज्या वर्षी ती तयार झाली त्या वर्षी त्याच्या नावानं पुरायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

झोसिमोला, माझ्या नवऱ्याला, नेलं तेव्हा आमची नेलिदा अजून अंगावर पीत होती. सकाळी ट्रक आला. गणवेशातल्या माणसांनी गावातले अकरा पुरुष त्यात चढवले, चौकशी करून सोडतो म्हणाले आणि निघून गेले. झोसिमोच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी मी धावत जाऊन ट्रकात फेकली, ती कुणाच्या तरी मांडीवर पडली. महिन्याभरात गावात राहण्यासारखं काही राहिलं नाही, आणि आम्ही तिघी डोंगर उतरून वामांगा शहराच्या कडेच्या टेकडीवर आलो. इथं सगळी आमच्यासारखीच माणसं होती, पत्र्याखाली राहणारी.

गाव सोडताना म्हातारीनं मेंढ्या सोडल्या, धान्य सोडलं, पण झोसिमोचे सणाचे कपडे गाठोड्यात बांधून पाठीवर आणले. डोक्यातून घालून खांद्यावर सोडायचा डाळिंबी पोंचो, घरच्या लोकरीची पांढरी विजार, काळं जाकीट, नक्षीचा कमरपट्टा आणि टोपी. लोकर म्हाताऱ्या लेओन्सियानं, म्हणजे माझ्या सासूनं, स्वतः कातलेली होती आणि सासऱ्यांनी विणलेली होती. गाठोडं तिनं खोलीच्या आढ्याला टांगलं. सणासुदीला ती काठी टेकत यायची, हात वर करून गाठोडं चाचपायची आणि समाधानानं परत जाऊन बसायची.

आमच्याकडं माणूस सापडला नाही तर त्याचे कपडे पुरतात. मेजावर माणूस निजल्यासारखे मांडायचे, वर टोपी ठेवायची, मेणबत्त्या लावायच्या, शेजाऱ्यांना जेवू घालायचं आणि दुसऱ्या दिवशी पेटीत घालून दफनभूमीत न्यायचं. त्यानंतर बायको विधवा होते आणि दर नोव्हेंबरात घरातल्या मेलेल्यांसाठी पानं मांडतात त्यात त्याचंही पान मांडता येतं. तोवर तो कुठंच नसतो. ना इकडं, ना तिकडं.

पहिली सात-आठ वर्षं मी म्हातारीच्या मागं लागले होते.

"आई, करून टाकू या."

"कुणाचं?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुणाचं."

"जिवंत माणसाला पुरायला निघालीस? एवढी घाई कसली गं तुला? कुणी बघून ठेवलाय का?"

असं बोलल्यावर माणूस पुढं काय बोलणार? तेव्हाच ती हो म्हणाली असती तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. हे मी तिच्यावर ढकलण्यासाठी म्हणत नाही. थोडंसं ढकलण्यासाठीच म्हणते.

पोटासाठी मी बाहुल्या करायला लागले. टेकडीच्या पायथ्याशी देवळाच्या मागं बायकांची एक शिवणखोली होती, ती हिलारिया चालवायची. हिलारिया म्हणजे जाड आवाजाची, जाड दंडांची बाई, तिचे दोन भाऊ झोसिमोला नेलं त्याच साली गेलेले. तिनं मला बाहुलीचं अंग शिवायला शिकवलं. सुती कापडाची पिशवी, आत लोकरीच्या चिंध्या घट्ट ठासायच्या, नाक-डोळे दोऱ्यानं भरायचे, काळ्या लोकरीच्या दोन वेण्या घालायच्या. मग कपडे. प्रत्येक गावच्या बाहुलीला त्या गावचा पेहराव, एकावर एक घेरदार झगे, खांद्यावर शाल आणि पाठीला तान्हं मूल. पुरुष बाहुल्याला पोंचो. आमच्या गावची बाहुली मीच करायची, कारण आमच्या गावचा पेहराव येणारी दुसरी बाई तिथं उरली नव्हती.

बाहुल्या घ्यायला राजधानीतून एक गोरी बाई यायची. ती बाहुलीच्या तोंडाकडं बघायचीच नाही. ती दोन बोटांत कपडा चोळायची. बाजारातल्या कापडाचं असलं की बाजूला ठेवायची. घरी कातलेलं, घरी विणलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं कापड असलं की तिचे डोळे चमकायचे. "असलं हवं," म्हणायची.

नेलिदा आठ वर्षांची असताना तिच्या छातीत पाणी झालं. औषधाची चिठ्ठी माझ्या हातात होती आणि गोरी बाई दोन दिवसांनी यायची होती. त्या दुपारी म्हातारी उन्हात बसली होती. मी गाठोडं खाली काढलं आणि जाकिटाच्या आतल्या बाजूचा एक तुकडा कापला. दिसणारही नाही एवढाच. त्यातून चार बाहुल्यांची जाकिटं झाली, चारही गेल्या आणि नेलिदा वाचली.

एकदा कात्री लागली की मग काय. पुढच्या वर्षी विजारीचा पाय गेला. मग दुसरा. मग कमरपट्ट्याच्या पट्ट्या केल्या. पोंचोला मात्र मी दोन वर्षं हात लावला नाही, नंतर त्यालाही लावला. डाळिंबी रंगाच्या किती बाहुल्या झाल्या ते मी मोजलं नाही. गाठोडं मोकळं पडू नये म्हणून मी त्यात शिवणखोलीतल्या चिंध्या भरायची, बाहुलीत भरतात तशाच. म्हातारीला तेव्हा दिसेनासं झालं होतं. ती सणाला यायची, गाठोडं चाचपायची आणि म्हणायची, "आहे." मी म्हणायची, "आहे की." शेवटी राहिली ती फक्त टोपी. बाहुलीला एवढ्या मोठ्या टोपीचा उपयोग नव्हता.

मग गेल्या साली, सप्टेंबरात, म्हातारीचं जेवण तुटलं. सूपही जाईना. एक दिवस तिनं मला जवळ बोलावलं.

"एउदोसिया, मी निघाले बघ."

"कुठं निघालात? सूप प्या आधी."

"चेष्टा पुरे. मी तिकडं गेल्यावर तो तिथं आहे की नाही हे मला कळलं पाहिजे. असला तर नीट असावा, नाहीतर मी तिकडंही त्याला शोधतच फिरायची. तू म्हणत होतीस ते करून टाक. कपडे पूर. पण पुरायच्या आधी माझ्या हातात दे, मला एकदा हात फिरवू दे."

नेलिदा शेजारीच होती. वीस वर्षांची झालेली पोर, ती रडायला लागली. मी म्हणाले, "हो आई. बारा दिवस द्या मला."

बारा दिवसांत मी काय काय केलं नाही? घरच्या लोकरीचा म्हणून मिळतो तसा जुना पोंचो सगळा बाजार पालथा घालून शोधला, तो तपकिरी निघाला. तो रंगवला, राखेच्या पाण्यात उकळला, दगडावर घासला, चुलीवर धुरात टांगला. विजार आणि जाकीट हिलारियानं आणून दिलं, कुणाचं ते मी विचारलं नाही. तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "सांगून टाक की बाई. मरताना माणूस माफ करतो." मी म्हणाले, "तुझी सासू असती तर तू सांगितलं असतंस?" ती चिंध्या निवडायला लागली. पोंचोची किनार मात्र विकत मिळणार नव्हती. ती मी स्वतः सूत कातून, शिवणखोलीच्या कोपऱ्यात बसून विणली.

बाराव्या दिवशी सकाळी सुतारानं पेटी आणून अंगणात ठेवली. हिलारिया आमच्या चुलीवर मका उकडत होती. संध्याकाळी सगळी वस्ती बसायला येणार होती. मी मेजावर कपडे मांडले, वर टोपी ठेवली, आणि म्हातारीला उचलून मेजाशी बसवलं. पोरीएवढंही वजन नव्हतं तिला.

तिनं आधी टोपी चाचपली आणि ती ओळखीची निघाली. मग जाकिटावरून हात फिरवला. मग पोंचोवर आली आणि तिची बोटं थेट किनारीवर गेली. अंगठा आणि तर्जनीत सूत धरून तिनं ते उलगडलं.

"हे सूत माझं नाही," ती म्हणाली.

आमच्याकडं नवऱ्याच्या आणि मुलाच्या कपड्याची किनार उलट्या पिळाच्या सुताची करतात. टकळी डावीकडं फिरवायची. अंगावर काही वाईट आलं तर ते त्या किनारीवरून उलटून जावं म्हणून. हे पोरींना बोलायला शिकवतात तेव्हाच शिकवतात. पण बाहुलीच्या किनारीला उलटा पीळ कोण देणार? बाहुलीचं कोण काय वाईट करणार? पंधरा वर्षं मी सरळ पिळाचं सूत कातत आले होते. त्या बारा दिवसांतही हातांनी रोजचं तेच केलं, आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. रंग, धूर, वास, सगळं सांभाळलं मी. पीळ विसरले.

"आई, ऐका," मी म्हणाले. मी सांगणारच होते. देवाशपथ सांगणार होते.

"हळू बोल," ती म्हणाली. तिनं माझं मनगट पकडलं. तिच्या तोंडावर असं काही आलं होतं की मला ते बघवेना. "तो येऊन गेला."

"कोण?"

"आता माझ्यापासून लपवू नकोस. चोर आला असता तर पातेलं नेलं असतं, कोंबडी नेली असती. जुने कपडे कोण नेतं? ज्याचे असतात तोच. तो आला, आपले कपडे घेऊन गेला, आणि मला कळू नये म्हणून तू हे दुसरं करून ठेवलंस. त्यानंच सांगितलं ना, आईला बोलू नको, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही?"

मी मनगट सोडवून घ्यायला बघितलं.

"म्हणून तू कधी रडली नाहीस," ती म्हणाली. "अठरा वर्षं मी लोकांना सांगत आले, माझी सून दगड आहे. तुला ठाऊक होतं. तू एकटीनं पोटात ठेवलंस. मला माफ कर, पोरी."

माझी सासू मला पोरी म्हणाली ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी रडत नव्हते कारण एकदा सुरू झाले असते तर थांबले नसते आणि घरात कमावणारी मी एकटी होते. यात गूढ काही नव्हतं. पण ती माझं मनगट सोडेना.

"कसा आहे तो?"

मी वर बघितलं. दारात नेलिदा मेणबत्त्यांचा पुडा हातात घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. अंगणात पेटी होती. माझ्यासमोर एक मरायला टेकलेली बाई होती आणि तिचं तोंड लग्नघरातल्या बाईसारखं फुललं होतं.

"बरा आहे," मी म्हणाले.

झालं. दफन तिथंच थांबलं. म्हातारीनं हिलारियाला हाक मारून सांगितलं की लोकांना जेवायला घाला, पण पुरायचं कुणाला नाही. हिलारियानं माझ्याकडं बघितलं, मग पेटीकडं. "मग हिचं काय करू? सुतार परत घेणार नाही. बटाटे भरू का?" आणि म्हातारी हसली. कित्येक वर्षांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं सूपही प्यायलं.

ती नऊ दिवस जगली आणि नऊही दिवस तिनं मला विचारलं. कुठं असतो? मी म्हणाले, खाली जंगलात, अपुरिमाक नदीकाठी, कॉफीच्या मळ्यावर. केस? पिकले. दात? पुढचे दोन गेले. का गेले? मारलं तेव्हा गेले. हे ऐकून ती म्हणाली, बरं झालं दातांवर निभावलं. नाव बदललं असेल? बदललं. जेवतो नीट? जेवतो. दुसरी बायको केली का? यावर मी एकदम नाही म्हटलं. एवढं सगळं दिलं मी त्या माणसाला, मळा दिला, पिकले केस दिले, पण बायको काही देववेना. सगळं खोटं असून मला तिचा मत्सर वाटला असता.

तेवढ्या दिवसांत मीही जरा सुखात होते, हे कबूल करायला हवं. सकाळी उठून आज त्याच्याबद्दल काय सांगायचं याचा विचार करायची. नेलिदा कोपऱ्यात बसून ऐकायची. ती मला काही विचारत नव्हती. मला वाटलं पोर शहाणी आहे, आजीसाठी चाललंय हे तिला कळतंय.

म्हातारी दुपारी गेली, अगदी शांत. त्याच पेटीत तिला ठेवलं. पाचव्या दिवशी आमच्या रीतीप्रमाणं नदीवर तिचे कपडे धुतले, आणि घरी आल्यावर मी नेलिदाला समोर बसवून सगळं सांगितलं. कात्री, गोरी बाई, चिंध्या, तिचं औषध. काही ठेवलं नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग मला दाखव," ती म्हणाली.

"काय दाखवू?"

"एक तरी बाहुली. बाबांच्या पोंचोची."

"सगळ्या विकल्या गं."

"एक तुकडा. एक दोरा."

दोराही नव्हता. मी खाली धावत गेले, हिलारियाकडून गोऱ्या बाईनं छापलेला बाहुल्यांच्या फोटोंचा जुना कागद आणला आणि तिच्यापुढं धरला. एका ओळीत सहा बाहुल्या, सहांच्याही अंगावर डाळिंबी. "हा बघ, हाच तो पोंचो." तिनं कागद हातात घेतला आणि परत दिला. "फोटोत सगळंच कापड सारखं दिसतं, आई." हिलारियानंही येऊन शपथा घेतल्या. नेलिदा तिला म्हणाली, "तू तर आईचीच मैत्रीण."

"नेलिदा, तुझा बाप गेला. ट्रकातून नेला त्याच आठवड्यात गेला असणार. दातांचं मी तिथल्या तिथं रचलं."

"आजीला सांगताना तुझी जीभ एकदाही अडखळली नाही. आता अडखळतेय." ती रागावलेली नव्हती. राग असता तर मी भांडले असते. "कळतंय मला. त्यांनी तुझ्याकडून वचन घेतलंय. आजीसाठी तू मोडलंस, माझ्यासाठी मोडणार नाहीस."

एवढ्या वर्षांत मी तिला बापाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, आठवण काढली की कामाला लावायची तिला. आणि आता तिला नऊ दिवस भरभरून बाप मिळाला होता. तो ती कशाला परत देईल?

डिसेंबरात ती निघाली. शिवणखोलीत साठवलेली तिची कमाई होती, त्यात जंगलाकडं जाणाऱ्या बसचं तिकीट आलं. मी स्टँडवर गेले. उकडलेला मका आणि चीज बांधून दिलं. आधी हात जोडले, मग शिव्या दिल्या, आणि शेवटी बसच्या दारात आडवी उभी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, पोर मोठी आहे, उतरा." मी उतरले. ती खिडकीशी बसली होती. बस सुरू झाल्यावर ती वाकली आणि तिनं मला विचारलं, "दात वरचे की खालचे?"

"अगं नाहीच तो," मी ओरडले.

"वरचे की खालचे, आई?"

तिला जाऊन चार महिने झाले. पंधरा दिवसांतून एकदा ती कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनवर बोलते. या मळ्यावर विचारलं, त्या मळ्यावर विचारलं, आता नदीपलीकडं जातेय. मी दर वेळी तेच सांगते आणि ती दर वेळी म्हणते, "बरं, आई, जेवलीस का?" तिकडं कॉफीच्या मळ्यांवर पिकल्या केसांचे, पुढचे दात गेलेले, गाव आणि नाव टाकून आलेले म्हातारे काय थोडे आहेत? अशा माणसासमोर एक दिवस एक वीस वर्षांची पोर उभी राहील आणि विचारेल, तुम्ही झोसिमो का. त्याचंही कुणी उरलेलं नसेल. तो तिच्याकडं बघेल आणि हो म्हणेल. मग ती त्याला घेऊन घरी येईल, आणि मला त्याला जेवायला वाढावं लागेल.